हाडावर गाठ दिसली, तर आधी फोटो काढा

गुडघ्यावर किंवा दंडावर गाठ घेऊन आलेल्या माणसाला ‘काय झालं?’ विचारलं की उत्तर बहुतेक वेळा पडण्याचं असतं. कबड्डीत आपटला. आंबे काढताना कलमावरून घसरला. शिमग्यात पालखी नाचवताना पाय मुरगळला. मी रत्नागिरी जिल्ह्यात एक्स-रे काढण्याचं काम करते. निदान डॉक्टर करतात, पण फिल्म सगळ्यांत आधी मी बघते, आणि हे उत्तर माझ्या पाठ झालं आहे.

ते खोटं नसतं. पोर खरंच पडलेलं असतं. पण मार लागल्याने हाडात ट्यूमर होतो, याला आधार नाही. आत आधीपासून काहीतरी वाढत असतं, हाड तिथे कमजोर झालेलं असतं, लहानशा धक्क्याने ते दुखू लागतं आणि घरातल्यांचं त्या जागेकडे पहिल्यांदा लक्ष जातं. मग पडणं हेच कारण ठरतं. निरगुडीचा पाला तापवून शेक सुरू होतो, शेजारची काकी एका हाडवैद्याचं नाव सांगते, तेल रगडलं जातं आणि बघता बघता दोन-तीन महिने जातात. गाठ साधी असेल तर त्या महिन्यांनी फारसं बिघडत नाही. साधी नसेल तर तेच महिने सगळ्यांत मोलाचे असतात.

कॅनडातल्या टेरी फॉक्स या तरुणाचंही असंच झालं होतं. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला, उजव्या गुडघ्याला मार बसला. पुढे गुडघा दुखू लागला तेव्हा त्याने तो अपघाताचाच परिणाम धरला आणि बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत कळ काढली. मार्च १९७७ मध्ये दुखणं सोसेना, तेव्हा तपासणी झाली आणि हाडाचा कॅन्सर निघाला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. १९८० साली कॅन्सरच्या संशोधनाला पैसे जमवण्यासाठी तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला आणि मग आजार फुप्फुसात पोचल्याचं कळलं. १९८१ मध्ये तो गेला. अपघाताचा आणि कॅन्सरचा संबंध नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. त्याला मात्र तो संबंध आहे असंच वाटायचं. आपल्याकडच्या आईबापांनाही तसंच वाटतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही, फक्त तिथेच थांबून चालत नाही.

बहुतेक गाठी साध्याच

आता धीराची गोष्ट. हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात आणि बऱ्याच तर हाडाच्याही नसतात. मनगटाच्या मागच्या बाजूला येणारी, कधी मोठी कधी लहान होणारी गोल गाठ बहुधा सांध्याजवळ साठलेल्या दाट पाण्याची असते. कातडीखाली हलणारी मऊ गाठ बहुधा चरबीची. धावणाऱ्या-खेळणाऱ्या मुलांना गुडघ्याखाली, नडगीच्या सुरुवातीला दुखरं टेंगूळ येतं. मांडीच्या स्नायूचा दोर तिथे कोवळ्या हाडाला ओढ देत असतो. वाढ संपली की ते शांत होतं. सगळे कॅन्सर धरले तर हाडातच सुरू होणारे कॅन्सर शंभरात एकही भरत नाहीत.

मुलांच्या ‘वाढीच्या दुखण्या’बद्दल आया नेहमी विचारतात. ते दुखणं खरं असतं आणि निरुपद्रवी असतं, पण त्याची एक रीत असते. ते बहुतेक दोन्ही पायांत येतं, संध्याकाळी किंवा रात्री येतं, चोळून दिलं की बरं वाटतं, आणि सकाळी पोर काही झालंच नाही असं अंगणात पळतं. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, दिवसाही दुखणारं, आठवड्यागणिक वाढणारं आणि पोराला लंगडायला लावणारं दुखणं या रीतीत बसत नाही. त्याला ‘वाढीचं’ म्हणू नका.

हाडातल्या साध्या गाठींत सगळ्यांत जास्त दिसते ती ऑस्टिओकाँड्रोमा. हाड लांबीला जिथून वाढतं तिथल्या कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा, थोडा भाग बाजूला फुटतो आणि स्वतंत्रपणे वाढत राहतो. म्हणून ही गाठ गुडघ्याच्या आसपास किंवा दंडाच्या वरच्या भागात जास्त आढळते. फिल्मवर ती सहसा लपत नाही. मूळ हाडाची कडक साल सरळ गाठीच्या सालीत शिरते, आतला गाभाही एकच असतो, आणि गाठीला दांडा असेल तर तो सांध्यापासून दूर झुकलेला असतो. टोकावर कूर्चेची टोपी असते, पण साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. त्यामुळे हाताला गाठ मोठी लागते आणि फोटोत लहान दिसते. ‘ताई, फोटो नीट आला नाय वाटतं,’ असं पालक म्हणतात. फोटो नीट आलेला असतो.

मुलाची उंची वाढायची थांबली की ही गाठही थांबते. दुखत नसेल, नस किंवा रक्तवाहिनी दाबली जात नसेल, तर तिला हात लावायची गरज नसते. मात्र वाढ संपल्यावर, पंचविशी-तिशीत ती पुन्हा मोठी होऊ लागली किंवा कधी न दुखलेली दुखू लागली, तर लगेच दाखवायची. मोठ्या माणसात कूर्चेची टोपी २ सेंटिमीटरपेक्षा जाड झाली असेल तर तिच्यात कॅन्सर सुरू झाल्याची शंका घेतात. ती जाडी एमआरआयवर मोजतात. काही घराण्यांत अशा गाठी अंगभर येतात आणि आईला किंवा बापाला असतील तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. त्या घरांत कुणाला कुठे कुठे गाठी आहेत हे एका वहीत लिहून ठेवावं, नाहीतर कुठली जुनी आणि कुठली नवी हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही आणखी एक साधी गाठ. आकाराने ती दोन सेंटिमीटरच्या आतच राहते, पण त्रास मोठा देते. रात्री दुखून झोपेतून उठवते आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतली की थोड्या वेळात गप्प होते. ही गाठ प्रोस्टाग्लँडिन नावाचं दुखवणारं रसायन भरपूर तयार करते आणि या गोळ्या नेमकं तेच बंद पाडतात. साध्या फिल्मवर ती कधी कधी दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्ये सापडते. हल्ली सीटीवर बघत बघत आत सुई घालून उष्णतेने ती जाळतात, मोठं ऑपरेशन लागत नाही. मात्र गोळीने दुखणं थांबतं म्हणून गाठ साधीच आहे, असा उलटा निष्कर्ष घरी काढायचा नाही. गोळीने कॅन्सरचं दुखणंही काही दिवस दबतं.

बाकीच्या साध्या गाठी थोडक्यात सांगते. लहान मुलाच्या दंडाच्या हाडात पाण्याची पोकळी होते आणि चेंडू फेकण्याच्या निमित्ताने हाड तिथे मोडतं, तेव्हाच ती कळते. हाताच्या बोटांच्या हाडांत कूर्चेची गाठ होते. बोट आदळून मोडलं की सापडते. गुडघ्याजवळ मुलांच्या हाडात दिसणारे काही डाग तर दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत दिसतात आणि वयाबरोबर आपोआप भरून येतात.

जायंट सेल ट्यूमर मात्र जरा निराळा आहे. तो साध्या गाठींत मोडतो, पण त्याचं वागणं साधं नाही. वय बहुतेक २० ते ४०, जागा गुडघ्याला लागून असलेलं हाडाचं अगदी टोक, नाहीतर मनगट. विळीवर नारळ खवताना मनगट दुखतं, पट्टा बांधला, मलम लावलं, तरी सूज वाढतेच आहे, अशी तक्रार तरुण बाईची असेल तर हा डॉक्टरांच्या मनात यावा लागतो. तो हाड आतून खाऊन सांध्यापर्यंत पोचतो आणि खरवडून काढला तरी काही जणांत परत येतो. क्वचित फुप्फुसातही जातो. म्हणून तो खरवडल्यावर पोकळीच्या भिंती नीट घासून तिथे हाडाचं सिमेंट किंवा हाडाचे तुकडे भरतात आणि पुढे काही वर्षं नियमित तपासतात. ‘साधी गाठ आहे’ एवढं ऐकून याला घरी बसवलं की पुढे मनगटाचं हाडच काढायची वेळ येते.

फिल्मवर काय दिसतं

साधी आणि वाईट गाठ ओळखताना डॉक्टर फिल्मवर सगळ्यांत आधी बघतात ती गाठीची कड. आपल्याकडच्या खाडीकाठच्या खार जमिनीचा बांध डोळ्यांसमोर आणा. पाणी हळूहळू चढत असेल तर माणसं माती टाकून बांध उंच करतात आणि पाणी बाहेर अडतं. उधाणाचं पाणी एकदम आलं तर बांधाला वेळच मिळत नाही. तो ठिकठिकाणी फुटतो आणि पाणी कुठपर्यंत आलं हे चिखलात सांगता येत नाही. हाडही तसंच वागतं. गाठ हळू वाढत असेल तर हाड तिच्याभोवती नवं हाड रचतं आणि फिल्मवर पेन्सिलने काढावी अशी पांढरी, रेखीव कड दिसते. गाठ वेगाने वाढत असेल तर कड पुसट होते, हाड वाळवी लागल्यासारखं छिद्राछिद्रांचं दिसतं आणि नेमकं कुठे निरोगी हाड सुरू होतं हे बोटाने दाखवता येत नाही.

दुसरी खूण हाडावरच्या पातळ आवरणाची. आत काही वाढू लागलं की हे आवरण उचललं जातं आणि नवं हाड तयार करायला बघतं. वाढ वेगवान असेल तर ते काम अर्धवट राहतं. मग हाडाच्या कडेला एक तिरपा त्रिकोण दिसतो. अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनच्या नावाने तो ओळखला जातो. हाडाच्या गाठींच्या नोंदी जमवायचं काम या माणसाने १९२०च्या सुमारास सुरू केलं होतं. कधी नव्या हाडाच्या रेषा सूर्यकिरणांसारख्या बाहेर फाकतात, कधी एकावर एक पापुद्रे चढतात. हाडाची साल फोडून गाठ बाहेर मांसात आली असेल तर फिल्मवर तिची सावली दिसते. यातलं काहीही दिसलं की आमच्याकडून फिल्म सरळ डॉक्टरांच्या टेबलावर जाते, रांगेत थांबत नाही.

एक्स-रेबद्दल दोन गोष्टी पेशंटनेही लक्षात ठेवाव्या. फोटो दोन बाजूंनी हवा, समोरून आणि कडेने. एका बाजूने काढलेल्या फोटोत गाठ हाडाच्या मागे लपू शकते. आणि मुलाचा गुडघा दुखतोय, गुडघ्याचा फोटो चांगला आहे, तरी दुखणं थांबत नाही, अशा वेळी खुब्याचा फोटो मागायला संकोच करू नका. खुब्यातलं दुखणं गुडघ्यात जाणवतं, हे मुलांमध्ये नेहमीचं आहे. सुरुवातीच्या दिवसांत फिल्म अगदी स्वच्छही येऊ शकते. दुखणं चालूच असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा काढायची किंवा एमआरआय करायचा. ‘महिन्यापूर्वीच काढला होता, काही नव्हतं’ या वाक्याने बरेच जण निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात.

वाईट गाठी, वयाप्रमाणे

हाडाच्या कॅन्सरमध्ये वय हा फार मोठा धागा आहे.

दहा ते वीस या वयात, म्हणजे पोर झपाट्याने उंच होत असतं तेव्हा, ऑस्टिओसार्कोमा जास्त होतो. टेरी फॉक्सला हाच होता. जागा बहुतेक गुडघ्याच्या वरची किंवा खालची, नाहीतर दंडाचा वरचा भाग, म्हणजे जिथे हाड सगळ्यांत जोरात वाढत असतं तिथेच. आधी दुखतं, मग सूज दिसते. जागा गरम लागते, कातडी ताणून चमकते, वरच्या शिरा दिसू लागतात. हा कॅन्सर रक्तातून जातो तो मुख्यतः फुप्फुसात, म्हणून गुडघ्याच्या पेशंटला छातीचा सीटी सांगितला तर बुचकळ्यात पडू नका.

युइंग सार्कोमाही याच वयाचा. अमेरिकन डॉक्टर जेम्स युइंग यांनी १९२१ साली त्याचं वर्णन केलं. तो हाडाच्या मधल्या भागात, कमरेच्या हाडात, बरगडीतही होतो. त्याचा धोका असा की तो जंतुसंसर्गाचं सोंग आणतो. पोराला ताप असतो, वजन उतरतं, जागा लाल आणि सुजलेली, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मग पू झालाय समजून चिरा दिला जातो, अँटिबायोटिक सुरू होतात. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे, तो हाडाच्या क्षयाचा. क्षय आपल्या भागात आहेच आणि तो हाड खातो, ताप आणतो, वजन उतरवतो. बऱ्याचदा तो क्षयच निघतो आणि गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण गाठीचा तुकडा काढून न तपासता नुसत्या अंदाजावर क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या आणि सूज वाढतच राहिली, तर ‘अजून दोन महिने बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. उलटही खरं आहे: कॅन्सरच्या भीतीने रडत आलेली कितीतरी घरं क्षयाचा रिपोर्ट हातात घेऊन हायसं वाटून परततात.

चाळिशीनंतर कूर्चेपासून होणारा काँड्रोसार्कोमा दिसतो, बहुतेक कमरेच्या हाडात, मांडीच्या किंवा खांद्याच्या आसपास. तो संथ वाढतो. त्याच्यावर केमोथेरपीचा आणि किरणांचा फारसा परिणाम होत नाही, नीट ऑपरेशन हाच त्याचा मुख्य उपचार. पन्नाशी-साठीनंतर मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर. पाठ दुखते, रक्त कमी होतं, थकवा येतो, लघवीचा त्रास सुरू होतो, आणि सगळं वयावर ढकललं जातं. वयस्कर माणसाची पाठदुखी आणि रक्त कमी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर एवढ्यावरही रक्ताच्या पुढच्या तपासण्या मागाव्या.

आणि वयस्कर माणसांत सगळ्यांत जास्त दिसते ती दुसरीकडून हाडात आलेली गाठ. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी, थायरॉइड या पाच ठिकाणांचे कॅन्सर हाडात फार जातात. सहा वर्षांपूर्वी आजीच्या स्तनाचं ऑपरेशन झालं, आता कंबर धरली, तर ते ऑपरेशन डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. पाण्याचा हंडा उचलताना मांडीचं हाड मोडलं, तर त्याला नुसतं म्हातारपण म्हणून सोडू नका. एवढ्याशा निमित्ताने मोडलेल्या हाडात आधी काही होतं का, हे रॉड टाकायच्या आधी पाहावं लागतं. हाडातच सुरू झालेला कॅन्सर असेल आणि न ओळखता त्यातून रॉड घातला, तर त्याच्या पेशी हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचतात, आणि जो पाय वाचला असता तो मग वाचवता येत नाही.

मासळीमुळे झालं का, वात आहे का, आंबट खाल्लं म्हणून का, घरातल्या दुसऱ्याला लागेल का, हे प्रश्न मला रोज ऐकू येतात. नाही. खाण्यापिण्याशी याचा संबंध नाही आणि हा शिवून पसरत नाही. बहुतेकांत कारण सापडत नाही. काही थोड्यांत घराण्यातला जनुकीय दोष किंवा पूर्वी दुसऱ्या आजारासाठी घेतलेली किरणं कारण असतात.

तुकडा कुठे काढायचा

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त तळमळीने सांगायचं आहे ते हे. फिल्मवर वाईट गाठीची शंका आली, तर तिचा तुकडा गावात किंवा जवळ पडतं म्हणून कुठेही काढू नका. जे सर्जन पुढे ऑपरेशन करणार, त्यांच्याकडेच किंवा त्यांच्या सांगण्याने बायोप्सी करा.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ अशी भीती आपल्याकडे घराघरांत आहे. नीट केलेल्या बायोप्सीने तसं होत नाही, आणि बायोप्सीशिवाय गाठीचं नावच कळत नाही. पण सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर गाठीच्या काही पेशी सांडू शकतात. म्हणून मुख्य ऑपरेशनच्या वेळी सर्जन ती वाट गाठीसकट कापून काढतात. त्यासाठी सुई नेमक्या जागेतून, नेमक्या दिशेने जायला हवी. भलत्या बाजूने आडवा चिरा दिला तर ती सगळी जागा कापावी लागते आणि कधी कधी पाय वाचवणंच अशक्य होतं. अमेरिकेतले सर्जन हेन्री मँकिन यांनी १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये अशा बायोप्सींचा आढावा घेतला. दोन्ही वेळा हेच दिसलं की ज्या केंद्रात पुढचा उपचार होणार आहे तिथे केलेल्या बायोप्सीपेक्षा बाहेर केलेल्या बायोप्सीत चुका आणि नुकसान कितीतरी जास्त होतं. एमआरआयही बायोप्सीच्या आधी झालेला बरा, कारण सुईनंतरच्या रक्तस्रावाने चित्र गढूळ होतं.

मालिश, डाग देणं, तुंबड्या, गाठ फोडून पू काढणं, हे तर पूर्ण बंद. तेल रगडून साधी गाठ विरत नाही. आणि आत कमकुवत झालेलं हाड चोळताना मोडू शकतं.

मग जायचं कुठे? पहिला फोटो गावाजवळच होतो: ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, तालुक्याचा अस्थितज्ज्ञ. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या सूचना सांगतात की मुलाच्या हाडाला कारण नसताना सूज किंवा दुखणं असेल तर ४८ तासांत एक्स-रे व्हावा. आपल्याला ४८ तास जमतील असं नाही, पण दोन-तीन आठवडे न थांबलेलं दुखणं किंवा हाडाला चिकटलेली कुठलीही नवी, कडक, वाढणारी गाठ, एवढं झालं की फोटो झालाच पाहिजे. मऊ गाठसुद्धा ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा खोल मांसात असेल तर दाखवा.

फोटोत शंका आली की पुढची पायरी मोठ्या केंद्राची. १९४१ मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात हाडांच्या ट्यूमरचा वेगळा विभाग आहे. तुतारीने दादरला उतरलं की परळ जवळच. सिंधुदुर्गातल्या लोकांना गोव्यात बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडतं, ते तिथे आधी दाखवतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत; निघताना रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या आणि योजनेच्या रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेची मदत करायला बसलेल्या माणसाला, गाठा. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. उपचाराला आलेल्या मुलांना आईबापांसोबत राहायला मुंबईत सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, मोठ्या पेशंटसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. कुठे राहायचं या एका काळजीने निघणं लांबवू नका.

आणि जुने फोटो न्या. सगळे. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तीच गाठ तेवढीच असेल तर डॉक्टरांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फिल्म एकमेकींना चिकटतात, बुरशी धरतात आणि सोडवताना चित्रच निघून येतं. दोन फिल्ममध्ये कोरा कागद घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल नसलेल्या भिंतीकडच्या कपाटात ठेवा. सीडी दिली असेल तर तीही.

उपचार सुरू झाल्यावर

ऑस्टिओसार्कोमात आणि युइंगमध्ये आधी काही आठवडे केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. सगळं मिळून आठ-दहा महिने ते वर्ष जातं. आधीच्या केमोने गाठीतल्या किती पेशी मेल्या हे ऑपरेशननंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात; नव्वद टक्क्यांहून जास्त मेल्या असतील तर पुढची आशा चांगली. युइंगच्या गाठीला किरणांचा उपचारही लागू पडतो.

‘पाय कापणार का?’ हा पहिला प्रश्न असतो. हल्ली बहुतेकांचा पाय वाचतो. गाठीचा हाडाचा तुकडा काढून तिथे धातूचं मोठं कृत्रिम हाड आणि सांधा बसवतात. टाटामध्ये इथेच बनवलेली कृत्रिम हाडं वापरायला लागल्यापासून त्याचा खर्चही बराच खाली आला. काही वेळा स्वतःचंच हाड बाहेर काढून, किरणांनी त्यातल्या पेशी मारून पुन्हा तिथेच बसवतात. गाठ मुख्य रक्तवाहिनीत किंवा नसेत शिरली असेल तर मात्र पाय काढावा लागतो, आणि तेव्हा जीव वाचवण्यासाठी तो निर्णय घ्यायला हवा.

टेरी फॉक्सला १९७७ मध्ये वाचण्याची शक्यता निम्मी सांगितली होती. दोनच वर्षं आधी ती शंभरात १५ होती, असंही त्याला कळलं. मधल्या काळात आली ती केमोथेरपी. आज आजार हाडापुरताच असताना उपचार पूर्ण झाले तर शंभरातले साठ-सत्तर पेशंट पाच वर्षांनंतर असतात. फुप्फुसात गेल्यावर निदान झालं तर हा आकडा वीस-तीसपर्यंत घसरतो. त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल मी एवढं का लिहिते, ते या दोन आकड्यांमुळे.

केमोचे डोस ठरल्या तारखेलाच व्हायला लागतात. केस जातात, उलट्या होतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी उतरल्या की एखादा डोस डॉक्टरच पुढे ढकलतात. पण आपण होऊन ढकलायचा नाही. गणपतीला घरी जायचं पोराच्या मनात असतंच, आजीआजोबाही वाट बघत असतात. डॉक्टरांना तारखा आधी सांगितल्या तर बहुतेक वेळा दोन डोसांच्या मधे बसवून देतात. न सांगता निघून आलेली आणि ‘आता बरा दिसतोय’ म्हणून परत न गेलेली मुलं पुढे फार वाईट अवस्थेत येतात.

उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे हळूहळू लांबवत, ऑपरेशनच्या जागेचा आणि छातीचा फोटो काढावा लागतो, कारण आजार परतलाच तर बहुतेक वेळा याच काळात आणि फुप्फुसात परततो. फुप्फुसातली एखाद-दुसरी लहान गाठ वेळेवर सापडली तर ती काढता येते आणि त्यानंतर माणसं जगतात. मधले छातीचे फोटो तालुक्याला काढून पाठवले तर चालतील का, हे परळला पहिल्याच फेरीत विचारून घ्या आणि कागदावर लिहून आणा. तो कागद दाखवलात तर इथे कुणी ‘छातीचा कशाला, दुखतोय तर पाय ना?’ असं विचारणार नाही.